ठेवून जा, जेवल्यावर घेतो

पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यातल्या एका गावातलं अंगण. फेब्रुवारी महिना, हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटायची मोहीम, सकाळचे साडेनऊ. आशाताईंनी ओट्यावर पिशवी ठेवली, रजिस्टर उघडलं आणि उंचीची पट्टी भिंतीला टेकवली. घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर आली, पट्टीशी उभी राहिली. डीईसीच्या तीन गोळ्या, इव्हरमेक्टिनच्या तीन, अल्बेंडाझोलची एक, अशा सात गोळ्या तिच्या तळहातावर आल्या. तिने गोळ्यांकडे पाहिलं, मग ताईंकडे. ‘ठेवून जा ना ताई, जेवल्यावर घेतो.’ बोलण्यात नकार नव्हता. उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या नाहीत हे ताईंनीच दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. गल्लीतली बरीच घरं व्हायची होती, ऊन चढत होतं, आणि ज्या गावात रोज तोंड दाखवायचं तिथे एवढ्याशा विनंतीवर अडून बसणं कुणालाही जड जातं. गोळ्या कागदाच्या पुडीत गेल्या, पुडी देवळीत गेली आणि रजिस्टरात त्या नावापुढे बरोबरची खूण झाली.

ती खूण काही केल्या डोक्यातून जात नाही.

कारण ती तिथे थांबत नाही. संध्याकाळी उपकेंद्रात तिची बेरीज होते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, पुणे, दिल्ली. प्रत्येक पायरीवर ती एका टक्केवारीत विरघळत जाते आणि शेवटी ‘मोहीम यशस्वी’ असं वाक्य तयार होतं. हत्तीरोगाच्या मोहिमेचं गणित मात्र पोटात गेलेल्या गोळ्यांवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने फेरी परिणामकारक मानायला घातलेली किमान अट अशी, की बाधित भागातल्या एकूण लोकसंख्येपैकी ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळलेल्या असाव्यात. एकूण म्हणजे ज्यांना गोळ्या द्यायच्याच नाहीत ती दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारीही त्या शंभरात धरायचे. मोहिमेनंतर तटस्थ माणसं दारोदार जाऊन ‘गोळी मिळाली का’ आणि ‘गोळी खाल्ली का’ असे दोन वेगळे प्रश्न विचारतात, तेव्हा दोन उत्तरांमधलं अंतर दिसतं. ते अंतर म्हणजे अशा देवळीतल्या पुड्या. म्हणून ‘समोर गिळायला लावा’ ही सूचना प्रत्येक प्रशिक्षणात दिली जाते. ती पाळायची तर ताईंना त्या घरी जेवणानंतर पुन्हा यावं लागतं, आणि त्या दुसऱ्या फेरीचा वेळ कुठल्याच नियोजनात पुरेसा धरलेला नसतो.

हत्तीरोग म्हटलं की सुजलेला पाय डोळ्यांपुढे येतो, आणि इथेच लोकांची समजूत वेगळ्या दिशेला जाते. गावात ज्याचा पाय मोठा त्याच्यापासून लोक बिचकून राहतात. प्रत्यक्षात पाय पार सुजलेल्या माणसाच्या रक्तात बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. ते सापडतात धडधाकट दिसणाऱ्या, काहीही त्रास नसलेल्या माणसात. वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी नावाच्या या कृमीची मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब आणि केसाएवढी बारीक. ती लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, चार ते सहा वर्षं जगते आणि रोज हजारो सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात सोडते. दिवसा ही पिल्लं फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दबून असतात, रात्री क्युलेक्स डासांच्या चावण्याच्या वेळेला हातापायांच्या रक्तात येतात. डासाच्या अंगात त्यांची संख्या वाढत नाही, फक्त वाढ होते, आणि त्यालाही दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस डास जगला तर पुढचा प्रवास. मलेरियासारखा एका चाव्यात होणारा हा आजार नाही, शेकडो चावे वर्षानुवर्षं सोसल्यावर तो लागतो. तो हळू चालतो म्हणून संपवता येतो, आणि थांबवल्यासारखा वाटून परत डोकं वर काढायलाही त्याला वर्षं लागतात. या संथपणामुळे सगळ्यांची फसगत होते.

म्हणून ठणठणीत माणसाला सांगावं लागतं की बाबा, या गोळ्या घे. उंची १५९ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर इव्हरमेक्टिनच्या चार, डीईसीच्या तीन, चावून खायची अल्बेंडाझोलची एक, म्हणजे एकदम आठ. उंची १४१ ते १५८ असेल तर इव्हरमेक्टिनच्या तीन, १२० ते १४० ला दोन, ९० ते ११९ ला एक, त्याखाली नाही. डीईसी मात्र वयावर: दोन ते पाच वर्षांना एक, सहा ते चौदांना दोन, पंधराच्या पुढे तीन. एकाच दारात दोन मापं, एक पट्टीवरचं आणि एक वयाचं. पाचवीतला उंच मुलगा आणि त्याची बुटकी आजी शेजारी उभे राहिले की हिशेब कुठे घसरू शकतो ते लक्षात येतं.

या सात-आठ गोळ्यांपर्यंत येतानाही बराच काळ गेला. आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ चा. तेव्हा रात्री रक्त तपासायचं, ज्याच्यात जंतू सापडले त्याला बारा दिवस डीईसी द्यायची, आणि गटारांवर अळीनाशक फवारायचं. शहरांमधली हत्तीरोगाची रात्र चिकित्सालयं त्या काळातली. २००४ पासून वर्षातून एकदा सगळ्यांनाच डीईसी, २००७ पासून तिच्या जोडीला अल्बेंडाझोल. दोन गोळ्यांची ही जोडी पिल्लं मारते, मोठ्या कृमीला पुरती संपवत नाही, त्यामुळे कृमीच्या आयुष्यभर, म्हणजे किमान पाच वर्षं, दरवर्षी न चुकता द्यावी लागते. मधलं एक वर्ष हुकलं की मागची मेहनत बरीचशी वाया जाते. पापुआ न्यू गिनीत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: तीन औषधं एकदाच दिल्यावर वर्षभराने ९६ टक्के लोकांच्या रक्तात पिल्लं नव्हती, दोन औषधांच्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होतं. त्यानंतर आपल्याकडे ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत तीन औषधांची मोहीम झाली त्यांत नागपूर होतं. इतका मोठा फरक हाती आल्यावरही सगळं पुन्हा त्याच दाराशी येऊन थांबतं. उत्तम औषध देवळीत पडून राहिलं तर ते कोणत्या चाचणीत किती चाललं याने काही होत नाही.

शिवाय काही दारं बंदच असतात. फेब्रुवारीत मोहीम आली की गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली असतात. ऑगस्टमध्ये आली की रोवणी सुरू असते, बाया सकाळी आठच्या आत बांधीत उतरतात आणि दिवेलागणीला परततात. शहरात अडचण वेगळी. इमारतीचा पहारेकरी फाटकातून आत सोडत नाही, सोडलं तर ‘आमच्याकडे डास नाहीत’ म्हणून दार लावून घेतात. मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची वाटते की हुकणारी माणसं बहुधा तीच ती असतात. दरवर्षी वेगवेगळे लोक राहून गेले तर पाच वर्षांत सगळ्यांच्या पोटात दोन-चारदा तरी औषध जातं. पण एकच माणूस पाचही वेळा राहिला तर टक्केवारी चांगली दिसते आणि त्याच्या रक्तातली पिल्लं डासांना मिळत राहतात. रजिस्टरात त्याच्यापुढे ‘बाहेरगावी’ लिहिलेलं असतं. मागच्या वर्षीच्या रजिस्टरातही तेच असतं. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून पाहणारा माणूस मात्र क्वचित असतो.

त्यात भर पडते रिअ‍ॅक्शनची. गोळ्या घेतल्यावर एक-दोन दिवस काहींना ताप येतो, डोकं जड होतं, मळमळतं, अंगाला खाज सुटते. रक्तात पिल्लं जितकी जास्त तितका हा त्रास जास्त, कारण ती एकदम मरतात. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच औषधाची खरी गरज होती. पॅरासिटामॉल, पाणी, आराम, एवढ्यावर ते निवतं. पण हे आदल्या दिवशी सांगितलं तर पटतं, उलटी झाल्यावर सांगितलं तर सारवासारव वाटते. एका वाडीत दोघांना चक्कर आली की दुपारपर्यंत मोबाइलवर ती बातमी शेजारच्या चार गावांत पोचते आणि पुढच्या वर्षी तिथे पुड्या घेतल्या जातात, गिळल्या जात नाहीत. ज्या केंद्राचा डॉक्टर तासाभरात त्या वाडीत पोचतो, खाटेशेजारी बसतो, त्या केंद्राच्या पुढच्या वर्षीच्या आकड्यांवर मी जास्त विश्वास ठेवीन.

आकडे खरे की खोटे ते शेवटी रात्रीच्या रक्तात कळतं. हे काम नीट पाहण्यासारखं आहे. रात्री साडेआठ-नऊनंतर पथक गावात शिरतं, खरी वेळ दहाच्या पुढची. कुत्री भुंकतात, लोक झोपेतून उठून ओट्यावर येतात, कपाळावर बॅटरी बांधलेला तंत्रज्ञ बोट पुसतो, टोचतो, पहिला थेंब कापसाने टिपून घेतो आणि पुढचं रक्त, साधारण ६० मायक्रोलिटर, काचपट्टीवर जाडसर पसरतो. पट्टीवर क्रमांक, रजिस्टरात नाव, वय, वेळ. पट्ट्या आडव्या ठेवून वाळवायच्या, आणि त्या रात्री त्यांची राखण करावी लागते, कारण माशा आणि झुरळं वाळतं रक्त खाऊन जातात. सकाळी पाण्यात धरून त्यातला लाल रंग उतरवायचा, मग डाय देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहायचं. पिल्लू दिसलं तर नीट वळणाचं, आवरणात गुंडाळलेलं, निळ्या-जांभळ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. धुवायला उशीर झाला तर रक्त पट्टीला पक्कं बसतं आणि काही दिसत नाही. पथक झोपायच्या घाईने संध्याकाळी सातलाच रक्त घेऊन गेलं तर पिल्लं अजून वर आलेलीच नसतात, सगळ्या पट्ट्या स्वच्छ निघतात आणि गाव ‘निगेटिव्ह’ ठरतं. पिल्लं सापडलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं तर पुढची पायरी, नाही तर आणखी फेऱ्या. म्हणजे संध्याकाळी सात आणि रात्री दहा यातल्या तीन तासांवर गावाच्या पुढच्या काही वर्षांचा निर्णय असतो.

आजार कमी होत जातो तसं हे काम आणखी अवघड होतं. पूर्वी शंभर पट्ट्यांत दहा वेळा पिल्लू दिसायचं, डोळा तयार राहायचा. आता हजार पट्ट्या पाहिल्या तरी एखादं दिसेल न दिसेल. तंत्रज्ञ निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, नवा येतो त्याने खरं पिल्लू कधी पाहिलेलंच नसतं. संपूर्ण काचपट्टी पाहून त्यात काही नाही असं खात्रीने सांगणं हे फार मोठं कौशल्य आहे, आणि त्यासाठी कुणाचा सत्कार होत नाही. मोहीम थांबवल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांचं सर्वेक्षण करतात, कारण त्या वयात संसर्ग सापडला तर तो अलीकडचाच असणार. तिथे रात्रीची गरज नाही, संसर्ग असला तर रेघ उमटवणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर ७५ मायक्रोलिटर रक्त टाकून बरोबर दहा मिनिटांनी वाचायचं. चहा पिऊन अर्ध्या तासाने पाहिलं तर नसलेली रेघ उमटू शकते. हे सर्वेक्षण दोन-तीन वर्षांच्या अंतराने तीनदा करायचं असतं. तेवढ्यात जिल्ह्यातले अधिकारी एकदा-दोनदा तरी बदलून जातात.

अर्ध्यावर लक्ष काढून घेतल्यावर काय होतं हे आपल्या देशाने पाहिलेलं आहे. पन्नास-साठच्या दशकांत मलेरियासाठी डीडीटी फवारलं, त्यात काळा आजार पसरवणारी वाळूमाशीही मेली आणि बिहारमधला तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, आणि सत्तरच्या दशकात तो मोठ्या साथीने परतला. कुष्ठरोगाचं आपल्याला जास्त जवळचं. २००५ च्या डिसेंबरमध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, म्हणून दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. वेगळी कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, घरोघर जाऊन चट्टे शोधणं मंदावलं. २०१६ मध्ये पुन्हा शोधमोहीम काढली तेव्हा हजारो लपलेले रुग्ण बाहेर आले, त्यांत लहान मुलंही होती. अकरा वर्षांत कितीतरी हातांची बोटं वाकडी झाली असतील. हत्तीरोगाच्या तारखाही अशाच सरकत आल्या आहेत: आधी २०१५, मग २०१७, आता २०२७. तारीख ठरवण्याला माझा विरोध नाही, तारखेने पैसा आणि माणसं हलतात. तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसांना कुठल्या कामाला लावणार, हे आधी ठरलेलं असावं एवढंच म्हणणं आहे.

श्रीलंकेत ते ठरलेलं होतं.

तिथे हत्तीरोगविरोधी मोहीम १९४७ पासूनची. सगळ्यांना औषध देण्याच्या पाच फेऱ्या २००२ ते २००६ मध्ये झाल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं शिक्कामोर्तब २०१६ साली. मधली दहा वर्षं आणि त्यानंतरही रात्रीचं रक्त घेणारी माणसं तिथे कामावर राहिली. गॉलच्या किनारपट्टीत संसर्ग थोडाथोडा टिकून असल्याचं त्यामुळेच दिसलं. कुणी बघत नसतं तर तिथली गावं कोऱ्या रजिस्टरात निरोगी म्हणून राहिली असती.

औषधांचीही एक साखळी आहे, ती बाहेरून दिसत नाही. जगभरच्या हत्तीरोग कार्यक्रमांना अल्बेंडाझोल आणि इव्हरमेक्टिन मोठ्या प्रमाणात औषध कंपन्यांच्या दानातून मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेला दान म्हणून जाणारी डीईसी आपल्या विशाखापट्टणमला बनते. तिन्ही गोळ्या एकाच वेळी, पुरेशी मुदत शिल्लक असलेल्या, एकाच तालुक्यात हजर असाव्या लागतात. एक पोचली नाही तर बाकी दोन खोक्यांत पडून राहतात, निवडणूक आली आणि मोहीम पुढे गेली की मुदत संपते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या फेऱ्या अडल्या. आपला कार्यक्रम मुख्यतः आपल्या पैशावर चालतो ही फार मोठी जमेची बाजू आहे. तो पैसा वेळेवर पोचणं ही पुढची गोष्ट. आशाताईंचा मोहिमेचा मोबदला महिनोन्‌महिने मागाहून येतो आणि तरी पुढच्या फेरीला त्या त्याच पिशवीसह दारात उभ्या असतात. सगळा राष्ट्रीय कार्यक्रम या चिकाटीवर चालला आहे, आणि ती गृहीत धरली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डासांकडे तर फेऱ्यांच्या धामधुमीत लक्षच जात नाही. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: उघडं गटार, न्हाणीचं साचलेलं पाणी, संडासाची टाकी. टाकीच्या पाइपला जाळी बांधायला फार खर्च येत नाही. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारंच बंद केली, त्याचा पुढे जिल्हाभर प्रसार झाला. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती मोठे दगड, वर बारीक होत जाणारे. सांडपाणी आधी छोट्या कुंडीत गाळ सोडतं, मग खड्ड्यात मुरतं. कुंडीतला गाळ काढला नाही तर साबणाचा आणि खरकट्याचा थर आत जातो, भोकं बुजतात आणि काही वर्षांत पाणी परत अंगणात येतं. खड्डा खणायला निधी असतो, कुंडी उपसायला नसतो.

आणि मग ते पाय. शेवटचं पिल्लू मेलं तरी सुजलेला पाय तसाच राहतो. लसिकावाहिन्या एकदा बिघडल्या की पुरत्या सुधारत नाहीत. पुरुषांच्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे, ती ग्रामीण रुग्णालयात होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो, पायाला तसा इलाज नाही. पण पाय वाढू न देणं जमतं. रोज रात्री, साध्या पाण्याने आणि साबणाने, गुडघ्यापासून खाली हलक्या हाताने धुवायचा. कातडीच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या बोटाने किंवा मऊ कापडाने साफ करायच्या, घासायचं नाही. मग सुती कापडाने टिपून घ्यायचा, बेचक्या कोरड्या होईपर्यंत. भेग दिसली तर मलम. बसताना-झोपताना पाय उंचावर, दिवसभरात घोटा फिरवण्याचा व्यायाम. धानाच्या चिखलात दिवस काढणाऱ्या बाईला पावसाळ्यात चिखल्या होतात, त्यातून जिवाणू आत शिरतात आणि थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते, पाय लालबुंद होतो. असा प्रत्येक हल्ला सूज थोडी वाढवून जातो. हल्ल्यात शेक द्यायचा नाही, चोळायचा नाही, व्यायाम बंद ठेवायचा. गार पाण्याची पट्टी, भरपूर पाणी आणि डॉक्टरकडून अँटिबायोटिक. हे इतकं साधं आहे की कुणी गंभीरपणे घेत नाही. सरकारी संचात टब, मग, साबण, टॉवेल, मलम असतं. संच एकदा मिळतो. साबण दीड-दोन महिन्यांत संपतो, मलम त्याआधी, आणि टबात धान्य पाखडून ठेवलेलं दिसतं.

दूरीकरणाच्या शिक्कामोर्तबासाठी जी कागदपत्रं द्यावी लागतात त्यांत या रुग्णांची मोजदाद आणि त्यांना सेवा कुठे मिळते याची नोंदही मागतात, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ती नोंद फक्त त्या वर्षापुरती पुरी करता येईल. आज पस्तिशीत असलेल्या बाईचा पाय मात्र २०६० सालीही रोज धुवावा लागणार आहे. तेव्हा हत्तीरोग नावाचा कार्यक्रम नसेल, जिल्ह्यात त्या नावाचा अधिकारी नसेल, पंधरवडा साजरा होत नसेल. तिच्या साबणाचा आणि मलमाचा खर्च, आणि चिखल्यांच्या दिवसांत तिचा पाय बघून जाणारी आरोग्यसेविका, हे सगळं नेहमीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधयादीत आणि कामाच्या यादीत आत्ताच, मोहिमेचा पैसा हातात आहे तोवर, घालून घ्यायला हवं.